दाढबाई आणि खरखरराव

ती दातांची डॉक्टर होती आणि जुने रेडिओ दुरुस्त करायचं वेड तिला वडिलांकडून आलं होतं. वडील गेल्यावर घरातलं सामान वाटायची वेळ आली, तेव्हा भावंडांनी कपाटं घेतली, भांडी घेतली. तिनं लाकडी खोक्याचा रेडिओ तेवढा उचलला आणि आपल्या दवाखान्याच्या आतल्या खोलीत आणून ठेवला. चालू केला की त्यातून नुसतं घूं घूं ऐकू यायचं. दुरुस्त करणारं आसपास कुणी उरलं नव्हतं.

तेव्हा इंटरनेट टेलिफोनच्या तारेतून यायचं. दुपारी दवाखाना बंद झाला की ती डबा खायची आणि फोनची वायर काढून कॉम्प्युटरच्या मागे खोचायची. आधी टुकटुक, मग कुणीतरी पत्रा खरवडावा तशी किंचाळी, आणि मग एकदम शांत. शांत झालं की समजायचं, जोडलं गेलं. तेवढा वेळ दवाखान्याचा फोन एंगेज. नवरा संध्याकाळी म्हणायचा, "दात ठणकणारा माणूस तासभर नंबर फिरवतोय, आणि डॉक्टरीणबाई रेडिओ बघतायत!" त्यात फोटो उघडायचा म्हणजे पडदा सोडल्यासारखा वरून खाली इंच इंच उतरणार, आणि हवी ती तार दिसायच्या आत लाइन तुटणार.

अशाच एका दुपारी तिला जुन्या रेडिओवाल्यांचा एक गट सापडला. गणिताच्या एका मास्तरांनी तो सुरू केला होता आणि सगळे त्यांना मास्तरच म्हणायचे. खरं नाव कुणीच लावत नव्हतं. तिनं 'दाढ' असं नाव घेतलं. पडद्यावर मराठी अक्षरं उमटायची तेव्हा सोय नव्हती, म्हणून सगळे इंग्रजी अक्षरांत मराठी लिहायचे आणि वाचणारा आपापल्या परीनं अर्थ लावून घ्यायचा.

तिनं घूं घूं आवाजाबद्दल विचारलं. उत्तर आलं 'खरखर' नावाच्या माणसाकडून. हा गृहस्थ जहाजांवर वायरलेस ऑपरेटर म्हणून उभी हयात काढून निवृत्त झालेला. त्यानं नीट समजावून लिहिलं: आतला मोठा कंडेन्सर म्हातारा झालाय, तो बदला, स्विच बंद केल्यावर बराच वेळ थांबा, मगच हात घाला. आणि शेवटी एक ओळ, जी तिनं वाचली ती अशी: 'मग तुम्हाला डोकं नाही.'

ती तडकली. तिनं तिथल्या तिथे लिहिलं, "डोकं आहे, आणि त्यात दोन डिग्र्याही आहेत."

त्याचं उत्तर आलं, "डिग्र्यांचा आणि कंडेन्सरचा काय संबंध?"

"डोक्याचा विषय तुम्ही काढलात!"

"मी? मी कशाला तुमच्या डोक्याला हात लावू?"

दोन दिवस हे चाललं. गटातले बाकीचे लोक बाजू घ्यायला लागले. शेवटी मास्तरांनी उलगडा केला की खरखररावांना 'धोका नाही' म्हणायचं होतं. घाईत त्यांच्याकडून एक अक्षर गळलं आणि धोक्याचं डोकं झालं. सगळ्यांना वाटलं, आता बाई माफी मागतील. तिनं लिहिलं, "अक्षर तुम्ही खाल्लंत, माफी मी का मागू?" त्यावर तो म्हणाला, "तुम्ही दातांच्या डॉक्टर. खाल्लेलं तुम्हाला बरोबर कळतं."

ती दवाखान्यात एकटीच खो खो हसली. आठवड्याभरात कंडेन्सर बदलला आणि वडिलांचा रेडिओ बोलायला लागला. तिनं गटावर दोनच वाक्यं टाकली: "रेडिओ लागला. आभारी आहे, पण त्या ओळीबद्दल नाही."

तिथून पुढे दोघांचं जे जुंपलं ते जुंपलंच. कुणी स्पीकरबद्दल विचारावं आणि चौथ्या उत्तरापर्यंत ही दोघं मांजराला स्वतःचं नाव कळतं की नाही यावर पोचलेली असायची. "मंडळी, हा रेडिओचा गट आहे," असं मास्तर पुन्हा पुन्हा लिहायचे. मग कंटाळून त्यांनी गटात एक वेगळा कोपराच काढून दिला आणि त्याला नाव दिलं 'विषयांतर'. भांडायचं ते तिकडे जाऊन भांडा. झालं असं, की महिन्याभरात रेडिओच्या भागात शुकशुकाट आणि विषयांतरात पाय ठेवायला जागा नाही.

पुस्तकाचं पान दुमडावं का? जेवताना वाचावं का? पाहुण्यांकडे गेल्यावर दाराची बेल दुसऱ्यांदा किती वेळानं वाजवावी? प्रत्येक गोष्टीवर दोन पक्ष, आणि दोघं हमखास विरुद्ध बाजूंना. सगळ्यात मोठी लढाई झाली ती ई-मेल आला, आली की आलं यावरून. खरखरराव म्हणाले, पत्र ते, म्हणून ई-मेलही ते. ती म्हणाली, मेल गाडी ती, म्हणून ई-मेल ती. दूरदेशी बसलेल्या एकानं 'तो'चा झेंडा लावला. पानंच्या पानं भरली. कधीच न बोलणारा एक सभासद बाहेर येऊन म्हणाला, "आमच्याकडे तिन्ही चालतं," तेव्हा तिन्ही पक्ष आपसातलं विसरून त्याच्यावर तुटून पडले. तो बिचारा परत म्हणून दिसला नाही.

भांडणं कडाक्याची व्हायची, पण खरखररावांनी कधी खालच्या पातळीचा शब्द वापरला नाही. एकदा कुणी नवखा गटात शिरला आणि म्हणाला, बाईमाणसानं सोल्डरिंगच्या नादी लागू नये. ती उत्तर लिहीतच होती, तेवढ्यात खरखररावांचं आलं: "दाढबाईंशी भांडायचा हक्क इथं मिळवावा लागतो. मला बरीच वर्षं लागली. तुम्ही रांगेत मागे उभे राहा." तिनं आपलं लिहिलेलं पुसून टाकलं. त्या संध्याकाळी पेशंटच्या दाढेत सिमेंट भरताना ती गुणगुणत होती, आणि पेशंटनं तोंडात कापूस असल्यामुळे डोळ्यांनीच विचारलं, काय झालं?

अशी वर्षं गेली. टेलिफोनच्या तारेची गरज संपली, किंचाळी संपली, फोटो डोळ्याचं पातं लवायच्या आत उघडायला लागले. मराठी अक्षरंही आली. मग धोक्याचं डोकं होण्याची भीतीच उरली नाही. आणि मग प्रत्येकाच्या हातात फोन आला, तशी गटातली माणसं एकेक करून फोनवरच्या घोळक्यांमध्ये निघून गेली. तीही अशा पाचपन्नास घोळक्यांत होती. तिथं सकाळी फुलांचे फोटो यायचे, कुणी काही म्हटलं की अंगठे वर व्हायचे आणि पुढचं सुरू. जे म्हटलंय त्यावर थांबून "हे कशावरून?" असं विचारणारं कुणी नव्हतं. विचारलंच तर लोक दुखावायचे, नाही तर गुपचूप निघून जायचे.

जुन्या गटात मास्तर, ती दोघं आणि आठवण आली की डोकावणारे थोडेफार उरले. ती कधी कधी विषयांतराची जुनी पानं चाळत बसायची. त्यात आता हयात नसलेली माणसंही होती. त्यांच्या नावाखाली त्यांचं आवडतं वाक्य तसंच होतं, आणि बाजूला लिहिलेलं असायचं, 'सध्या उपस्थित नाही'.

मग खरखरराव लिहायचे थांबले.

आधी तिला वाटलं, गावाला गेले असतील. मग वाटलं, रुसले असतील. पण रुसणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. तिनं डिवचून पाहिलं: "मांजराला नाव कळत नाही, हे खरखररावांनी मान्य केलं असं मी समजते." एरवी एवढ्यावर दुपार व्हायच्या आत तोफ डागली गेली असती. आठवडा गेला, महिना गेला. मास्तरांना विचारलं, तर त्यांच्याकडेही ना नंबर, ना पत्ता. या माणसाला खोकला कधी होतो, त्याला कुठला साबण आवडत नाही, त्याच्या जिन्याची कुठली पायरी हलते, हे सगळं तिला माहीत होतं. नाव माहीत नव्हतं.

पाऊस संपून थंडी लागली, तेव्हा विषयांतरात खरखर या नावानं एक मजकूर उमटला. तिचा जीव भांड्यात पडला, पण पहिलं वाक्य वाचूनच परत वर आला. मजकूर त्यांच्या लेकीचा होता. बाबांना अर्धांगाचा झटका आला होता. उजवा हात गेला, बोलणं गेलं. पायात थोडी ताकद परत आली होती. डॉक्टर म्हणत होते की शब्द आत आहेत, सरावानं थोडे तरी येतील. बोलायला शिकवायला एक बाई येत होत्या. पण बाबा प्रयत्नच करत नव्हते. 'सगळे त्यांच्याशी फार गोड बोलतात,' लेकीनं लिहिलं होतं. 'ते नुसती मान हलवतात. दाढ नावाच्या बाई अजून इथं असतील तर त्यांना विनंती आहे. तुम्ही येऊन बाबांशी भांडाल का?' खाली फोन नंबर होता.

तिनं लगेच फोन लावला. लेक म्हणाली, "तुम्ही खरंच आहात? बाबा कॉम्प्युटरसमोर बसून 'ही बाई, ही बाई' करत हसायचे. आईला वाटायचं, काहीतरी भानगड आहे."

"भानगडच होती," ती म्हणाली. "मी येते."

नवऱ्यानं बॅग भरताना पाहिलं. "ज्याचं नाव माहीत नाही अशा माणसाला भेटायला निघालीस?"

"नाव आत्ता कळलं."

"काय आहे?"

"असू दे. मी खरखररावच म्हणणार."

दिवसभराचा गाडीचा प्रवास. वाटेत तिनं मुद्दे तयार केले, परीक्षेला बसल्यासारखे. तिच्या डोक्यातले खरखरराव उंच, शिडशिडीत आणि कडक मिशांचे होते. दुसऱ्या मजल्यावरच्या त्या घरात खिडकीजवळच्या खुर्चीत बसलेला माणूस बुटका, गोलमटोल आणि गुळगुळीत दाढी केलेला निघाला. टेबलावर तीन रेडिओ, त्यांवर धुतलेल्या चादरी घातलेल्या.

"बाबा, या दाढबाई."

त्यांनी तिच्याकडे पाहिलं. चेहऱ्याची एक बाजू हसली.

ती समोर बसली. म्हणाली, "खरखरराव, ई-मेल ती." त्यांनी मान डोलावली. "पान दुमडलेलंच बरं." डोलावली. "मांजराला नाव कळत नाही." तरी डोलावलीच. "अहो, नाही म्हणा की!" ती ओरडली. त्यालाही त्यांनी मान डोलावली आणि खिडकीबाहेर बघायला लागले.

ती स्वयंपाकघरात गेली. लेक चहा गाळत होती. "हे असंच," लेक म्हणाली. "मला वाटलं होतं, तुम्हाला बघून तरी..."

"मलाही तसंच वाटलं होतं," डॉक्टर म्हणाली. मग दोघी चहा प्यायल्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी लेक त्यांना मऊ भात भरवत होती. डॉक्टर बाजूला बसून बघत होती. आता तिच्याकडे मुद्दे नव्हते, नुसते डोळे होते. प्रत्येक घास ते जिभेनं डावीकडे ढकलत होते. गिळताना डोळा बारीक व्हायचा. दोन-चार घास झाले की पुरे म्हणून हात वर.

"कवळी कधीची आहे?" तिनं विचारलं.

"जुनी आहे. पण रोज घासून लावते मी. शिकवायला येतात त्या बाई म्हणाल्या, कवळी असली की उच्चार नीट होतील."

"झटका आल्यापासून वजन उतरलंय?"

"बरंच."

डॉक्टर उठली, हात धुऊन आली. "खरखरराव, तोंड उघडा बघू."

त्यांची मान हलली. आडवी.

लेकीच्या हातातला चमचा तसाच राहिला. डॉक्टर मात्र कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "आता कशी आडवी हलली! उघडा म्हणते ना."

ओठ घट्ट.

"दिवसभर गाडीत बसून अंग आंबवून आलेय मी."

ओठ आणखी घट्ट.

"ठीक आहे. राहू दे. वादळात जहाजावर बसून संदेश धाडले म्हणून इतकी वर्षं आम्हाला ऐकवलंत, आणि आता माझ्या एका बोटाला घाबरताय. मी सगळ्यांना सांगेन. मास्तरांना आधी."

ते तिच्याकडे जळजळीत नजरेनं बघत राहिले आणि मग त्यांनी तोंड उघडलं. तिनं खालची कवळी हलकेच काढली. हिरड्या आटल्या होत्या. सैल झालेली कवळी घसरून तिची कड मांसात रुतली होती. तिथं मोठा, लालभडक व्रण होता. जीभ हलवली की त्याच्यावरच घासणार.

"इतके महिने हे घेऊन बसलात?"

त्यांनी मान डोलावली. ही मान मात्र खरी होती. डोळ्यांतून पाणी आलं.

लेकीनं भाताची वाटी खाली ठेवली. "मीच रोज लावत होते. ते तोंड फिरवायचे तरी लावत होते. मला वाटायचं, हट्ट करतायत."

"तुम्हाला कसं कळणार?" डॉक्टर तिच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाली. "ते सांगू शकत नव्हते. आणि आम्ही सगळे नुसतं 'बोला, बोला' म्हणत होतो. आत कुणी पाहिलंच नाही. मी तरी आल्या आल्या कुठं पाहिलं?"

ती दोन दिवसांसाठी आली होती, आठवडाभर राहिली. कवळी बाहेर, हिरडीला मलम, पातळ जेवण. व्रण भरत आल्यावर कॉलेजातल्या एका वर्गमित्राच्या दवाखान्यात ती त्यांना घेऊन गेली. वर्गमित्रानं आपली खुर्ची तिला मोकळी करून दिली. तिनं कवळीची कड घासली, आतून नवा थर भरला, बसवून पाहिली, पुन्हा घासली.

"आता टोचत नाही ना?" तिनं विचारलं.

त्यांनी जबडा हलवला. इकडे, तिकडे. ओठ जुळवले. काहीतरी वर यायला बघत होतं. मानेच्या शिरा ताठ झाल्या.

"ना... ही."

लेकीनं तोंडावर पदर धरला.

"म्हणजे टोचत नाही, की बरोबर नाही?" डॉक्टरनं विचारलं.

त्यांनी बोटानं डावी कड दाखवली. तिनं आणखी घासली. "आता?"

"नाही."

तिनं तपासलं. कड गुळगुळीत होती, हिरडीवर कुठं खूण नव्हती. तरी थोडी घासली. "आता तरी?"

"नाही!"

तिनं त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं. अर्धा चेहरा निश्चल होता आणि उरलेला अर्धा हसू दाबत होता. "अहो, काहीही टोचत नाहीये तुम्हाला!" ती किंचाळली. "माझं खोडून काढायचं म्हणून नाही म्हणताय!" आणि ती तिथेच, हातात कवळी घासायचं यंत्र धरून, रडत रडत हसत सुटली. वर्गमित्राला काही उमगेना. त्यानं बाहेरच्या पेशंटना आणखी थोडं थांबायला सांगितलं.

पुढचं काम सावकाशीचं होतं. रोज दुपारी ती फोन करायची आणि मुद्दाम काहीतरी चुकीचं बोलायची. चूक दाखवायला त्यांना पूर्ण वाक्य बोलावं लागायचं. शिकवणाऱ्या बाईंनीही मग तोच मार्ग धरला. काही शब्द आले, काही आलेच नाहीत. रेडिओला ते बोट म्हणायचे आणि स्वतःवरच चिडायचे. कधी कधी आठवडाभर काही पुढे सरकायचं नाही, फोनवर नुसता श्वास ऐकू यायचा, आणि ती पलीकडून काहीबाही बोलत राहायची.

उन्हाळ्यात विषयांतरात त्यांनी डाव्या हातानं एकेक अक्षर दाबून लिहिलं: 'दाढबाई म्हणतात ते सगळं चूक. कारण नंतर.' मास्तरांनी पहिली आरोळी ठोकली. मग कुठून कुठून माणसं उगवली. कुणाला पासवर्ड आठवेना म्हणून नवं नाव घेऊन आली. कारण येईपर्यंत कशाला थांबायचं म्हणून त्यांनी आपसात वाद घालायला सुरुवातही केली. पंधरा दिवस तिकडे जत्रा होती.

वर्षभरानं गट बंद झाला. मास्तरांची नजर अधू झाली होती आणि ज्या कंपनीच्या जागेवर गट चालायचा तिनं ती सेवाच गुंडाळली. शेवटच्या दिवशी ती बराच वेळ पडद्यासमोर बसून होती. पानं अजून उघडत होती. मग एकदा उघडायला गेली तर नुसता पांढरा पडदा आला. तिनं पुढच्या पेशंटला आत बोलावलं.

आता दोन-तीन महिन्यांतून एकदा ती तिकडे जाते. परवा गेली होती, तेव्हा टेबलावर एका शेजाऱ्याचा मोडका रेडिओ उघडून ठेवला होता. हात तिचे, सूचना त्यांच्या. काढलेले स्क्रू बशीत ठेवायचे की डबीत, यावरून सुरुवात झाली. बशीत दिसतात, असं तिचं म्हणणं. बशी कलंडते, असं त्यांचं. 'कलंडते' हा शब्द त्यांना चौथ्या खेपेला जमला, आणि जमल्यावर त्यांनी तो आणखी दोनदा उगाचच म्हणून घेतला. लेक बाहेरच्या खोलीत फोनवर ऑफिसचं काहीतरी बोलत होती. तिनं आत डोकावून दोघांकडे पाहिलं, फोनवर हात धरून "जरा हळू भांडा की!" म्हणाली, आणि दार लोटून घेतलं.